धाब्याच्या वाड्याची दुरुस्ती : कामाच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

पहिली पाहणी. अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं गाव, उत्तरेला मेळघाटचे डोंगर दिसतात. घरचे सगळे याला वाडा म्हणतात, पण हा देशमुखी थाटाचा दुमजली वाडा नव्हे. कास्तकाराचं मोठं घर आहे. पूर्वेला ढेलज (आत शिरायची देवडी), मग अंगण, अंगणाला लागून ओसरी, ओसरीच्या मागे माजघर, त्याच्याही मागे दोन बळदं, म्हणजे धान्य साठवायच्या बंद खोल्या. उजव्या हाताला सैपाकघर आणि देवघर, डाव्या हाताला ढोरांचा कोठा. कोठ्यावर कवेलू, बाकी सगळीकडे मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत.

घरमालक आबांचा मुलगा पुण्यात असतो. त्याचा प्रश्न सरळ आहे : "ताई, पाडायला किती आणि ठेवायला किती, एवढंच सांगा." जुनं लाकूड घेणारा एक व्यापारी दिवाळीत येऊन खांब मोजून गेलाय. हॉटेलांना आणि फार्महाउसांना जुने सागवानी खांब हवे असतात, त्यामुळे वऱ्हाडात हल्ली उभ्या घरापेक्षा पाडलेल्या घराला गिऱ्हाईक लवकर मिळतं.

घाबरण्याचं कारण मागची भिंत. बळदांच्या मागे ती बाहेरच्या अंगाला चांगली वीतभर फुगलीय. गावातल्या एका ठेकेदारानं "कधीबी बसन" असं सांगून ठेवलंय, तेव्हापासून काकू माजघरात झोपत नाहीत.

९ जानेवारी

दिवसभर मोजणी. क्षेत्रफळ विचारलं तर आबा म्हणाले, "बारा खनाचं घर हाय." चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि इथला खण पाच हातांचा, म्हणजे साडेसात फुटांचा. लेसरनं सगळे खण मोजले, फरक कुठेही दीड इंचाच्या वर नाही. गुण्या, ओळंबा आणि सुतळी एवढ्यावर हे साधलंय.

सांगाडा असा : काळ्या पाषाणाचं कमरेइतकं जोतं, त्यावर घडीव उथळे (दगडी बैठका), उथळ्यावर आठ इंची चौरस सागवानी खांब. खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना हात पसरलेला हस्त, त्यावर आठ बाय नऊ इंचांचे सरे (तुळया), सऱ्यांवर आडव्या कड्या. हस्तामुळे सऱ्याचा उघडा गाळा फूटभर कमी होतो, म्हणजे नक्षीसाठी जे लाकूड आहे तेच ओझंही घेतंय. नक्षी म्हणाल तर ओसरीच्या हस्तांना केळफूल कोरलंय. माजघरात नुसत्या कडा मारल्यात. पाहुणा जिथवर येतो तिथवर कोरीवकाम, हा हिशेब मला आवडला.

संध्याकाळी मागच्या भिंतीकडे गेले. बळदाच्या तोंडातून आत उतरून टॉर्चनं पाहिलं. खांब आणि फुगलेली भिंत यांच्या मधल्या फटीत माझा हात मनगटापर्यंत सहज गेला. ओळंबा सोडून पाहिला : खांब सरळ उभा, भिंत मात्र कललेली. भिंतीनं घराला धरलेलंच नाही. वरचं धाबं सगळं खांबांवर आहे आणि भिंत ही नुसती आडोशाला उभी केलेली माती आहे. ती फुगली तीही बळदात वर्षानुवर्षं भरलेल्या ज्वारीच्या रेट्यानं. बळद भरलं की धान्य आजूबाजूला ढकलतं. पुढून माजघराची जाड आडभिंत आणि खांब होते, मागून कोणीच नव्हतं.

आबांना सांगितलं. ते हसले. "आमचा बाप सांगे, भित पडली तं उद्या बांधता येते, खांब नोको हालवू." म्हणजे हे माहीत होतं घरात. मध्ये कुठेतरी विसरलं गेलं.

१७ जानेवारी

माजघराच्या दारावरच्या सऱ्यावर चुन्याचे थर होते. ओल्या फडक्यानं, मग बांबूच्या कामटीनं हळूहळू सोलले. खाली कोरलेली ओळ निघाली : श्री गणेशाय नमः, शके १७_६, भावनाम संवत्सरे. तिसऱ्या अंकावर कोणीतरी लाइटच्या वायरची पट्टी ठोकताना दोन खिळे मारलेत, तिथला ढलपाच उडालाय.

संवत्सरं साठ वर्षांनी फिरून येतात. सतराशे अमुक सहा या आकड्याला 'भाव' जुळतं ते दोनदाच : शके १७३६ आणि शके १७९६. म्हणजे इसवी सन १८१४ किंवा १८७४. उडालेला अंक तीन असेल किंवा नऊ, आणि देवनागरीत हे दोन अंक एकमेकांचे चुलतभाऊ. तिरका उजेड टाकून पाहिला. वरचा वळसा शिल्लक आहे, पण तो दोघांचाही असू शकतो.

आबांचं मत ठाम आहे. "भोसल्याच्या काळातलं घर हाय, लिहून घ्या." १८१४ धरलं तरी तेव्हा इथे नागपूरकर भोसले नव्हते. डिसेंबर १८०३ मध्ये त्यांचा गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. तहाचं देवगाव याच भागातलं आणि शिंद्यांचा तह तर खुद्द सुर्जी-अंजनगावात झाला, त्यामुळे हे आबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी ते म्हणाले, "कागद निजामाकडे गेला असन, मानसं कोठं गेली?" यावर मी गप्प.

२ फेब्रुवारी

धाब्याला एका कोपऱ्यात दोन फूट चौरस भोक पाडून थर पाहिले. वरून खाली : पांढऱ्या मातीचे एकावर एक बसलेले थर, मग गव्हांडा (गव्हाचा भुसा) मिसळलेल्या चिखलाचा एक घट्ट थर, मग पळसाची पानं (पानांच्या शिरा अजून ओळखू येतात), मग फोडलेल्या लाकडाचं किलच, मग कड्या. मातीच्या थरांना रंगाच्या रेघा आहेत. दर उन्हाळ्यात पाऊस यायच्या आधी वर नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही, या सवयीनं नऊ इंचांचं धाबं दीड फुटाचं झालंय.

ही माती शेतातली काळी नव्हे. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं हातभर फाटते, तिचं धाबं एक पावसाळा टिकणार नाही. गावठाणाची पांढरी लागते, जरा खारवट. पावसाचं पाणी लागलं की तिचा वरचा इंच-दोन इंच फुगून मिटतो आणि खालची माती कोरडी राहते. त्यात उतार नीट हवा आणि वर गवत माजू द्यायचं नाही. जुन्या वस्त्या ज्या उंचवट्यावर आहेत तो उंचवटा या मातीचाच, पिढ्यान्पिढ्या पडलेल्या आणि बांधलेल्या घरांचा.

आता वजन. घनमीटरला १,७०० किलो धरले तर दीड फूट मातीचे एका चौरस मीटरवर पावणेआठशे किलो होतात. एका खणावर चार टन. बाराही खणांचे मिळून अठ्ठेचाळीस टन डोक्यावर. सऱ्याचा हिशेब लावला : गाळा साडेसात फूट, दोन्हीकडून अर्धा-अर्धा खण. लाकडात येणारा ताण सागाच्या परवानगीच्या मर्यादेच्या निम्म्याच्याही आत आहे. म्हणजे लाकूड धड असेल तर दीड फूटही पेलतं. प्रश्न आहे तो सऱ्यांच्या टोकांचा आणि खांबांच्या बुडांचा. लाकूड कुजतं ते तिथेच.

६ फेब्रुवारी

एकेक खांब ठोकून, टोचून, ओलावा मोजायचं मीटर लावून पाहिला. सुतार मिस्त्री सोबत होते, सत्तरीचे आहेत. त्यांचं मीटर म्हणजे हातोडीची मागची बाजू. "भरीव लाकूड टणकन बोलते. पोकळ असन तं भद्द करते." आमचे निकाल जवळजवळ सगळीकडे जुळले.

ओसरीतले उघडे खांब : ओलावा ९ ते ११ टक्के, उत्तम. माजघरातलेही ठीक. पश्चिमेच्या भिंतीत अर्धे बुडालेले खांब : बुडाशी २४, २६, एका ठिकाणी ३१. वीस टक्क्यांच्या वर लाकडाला बुरशी धरते.

आणि कारण समोरच होतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून कमरेपर्यंत सिमेंटचं प्लास्टर केलंय आणि त्याच वेळी आत सिमेंटचा कोबा घातलाय. जमिनीतली ओल मातीच्या भिंतीत चढायची ती पूर्वीही चढत होती, पण दोन्ही अंगांनी उडून जायची. आता वाट बंद. ओल भिंतीतच राहते आणि शेजारच्या खांबात शिरते. प्लास्टरचा तुकडा पहारीनं सोडवला, तर मागची माती ऑगस्टसारखी ओली. महिना फेब्रुवारी. भिंतीवरचा पोपडा गेला म्हणून केलेलं काम ते, करणाऱ्याला वाटलं मजबुती आली.

उधईची (वाळवीची) घरटीही तिथेच, ओलीच्या मागोमाग. सागाच्या गाभ्याला तिनं फारसं काही केलेलं नाही, कडेचा पांढरा भाग तेवढा खाल्लाय. किलचात दुसरी हलकी लाकडं होती, ती मात्र काही ठिकाणी बोटानं चुरतात.

२० फेब्रुवारी

घरच्यांची बैठक. मुलगा पुण्याहून आला होता, काकू, आबा, चुलते, मिस्त्री आणि मी. ओसरीतच बसलो.

मुलाचं म्हणणं चुकीचं नाही. त्याला दरवर्षी माती टाकायची नाही, त्याला गळकं छत नको, आणि स्लॅब टाकला की विषय संपतो असं त्याला वाटतं. मी म्हटलं, या भिंतींवर स्लॅब टाकता येणार नाही, कारण त्यांनी कधी काही उचललेलंच नाही. स्लॅब हवा तर सगळं पाडून नवे कॉलम, आणि खाली गावठाणाची भुसभुशीत भर, म्हणजे पाया खोल. तो खर्च आणि दुरुस्तीचा खर्च दोन्ही कागदावर मांडले. दुरुस्ती नव्या घराच्या साधारण तिसऱ्या हिश्शात बसते.

चुलत्यांनी किल्लारीचा विषय काढला. "तथी मातीच्या धाब्याखालीच मानसं गेली ना?" खरं आहे, आणि हा प्रश्न टाळून चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसं मेली ती जाड दगडमातीच्या भिंती आणि धाब्याची माती अंगावर येऊन. पण त्याच गावांत भिंती कोसळून गेल्यावरही लाकडी खणांचे सांगाडे पुष्कळ ठिकाणी उभे राहिले होते, आणि खणात झोपलेले काही जण त्यामुळे वाचले. त्यातून घ्यायचं ते दोन्ही घेतलं पाहिजे : सांगाडा जपा आणि डोक्यावरचं वजन उतरवा.

ठरलं ते असं. धाबं नऊ इंचांवर आणायचं. पश्चिमेची फुगलेली भिंत पूर्ण उतरवून निम्म्या जाडीची बांधायची. सिमेंट सगळं काढायचं. कुजलेली बुडं आणि टोकं बदलायची. बळदं ठेवायची, पण रिकामी. मुलानं एक अट घातली : एका पावसाळ्यात गळलं तर पुढच्या वर्षी पत्रे. मला मान्य. पत्र्याखाली मे महिना काढल्यावर तो स्वतःच काय ते ठरवील.

५ मार्च

लाकूडखरेदी. परतवाड्याच्या डेपोवर नवा साग पाहिला. चांगला होता, पण मीटर लावला तर २४ टक्के. असं लाकूड आज खाचेत घट्ट बसवलं तर उन्हाळ्यात आक्रसून सांधा खुळखुळणार. वाळवायला वेळ नाही. शिवाय लागवडीच्या सागात पांढरा भाग जास्त, आणि आपल्याला हवं ते जमिनीजवळ घालायला.

शेवटी शेजारच्या तालुक्यात पाडलेल्या एका घराचे सरे घेतले. पावती आणि वाहतुकीचा कागद नीट करून घेतला. ओलावा दहा टक्के. एक घर सांधायला दुसऱ्या घराचं लाकूड आणताना बरं वाटलं नाही, पण ते कुणाच्या तरी कॉफीशॉपच्या काउंटरपेक्षा इथे बरं.

मिस्त्रींनी प्रत्येक सरा फिरवून फिरवून पाहिला, जुन्या खाचा कुठे येतील त्याचा खडूनं हिशेब केला, आणि एक नाकारला. दिसायला तोच सगळ्यात देखणा होता. आत वेढा तिरका गेलेला, म्हणाले, ओझं आलं की फाटेल.

१८ मार्च

धाब्याची माती उतरवून झाली. आठ-नऊ ट्रॉल्या निघाल्या, सगळी अंगणात ढीग करून ठेवलीय. परत हीच वापरायची, त्यामुळे पांढऱ्या मातीसाठी गावाच्या जुन्या गढीला हात लावायची गरज नाही. गढी आधीच अर्धी खाल्लेली आहे.

वजन उतरताच सऱ्यांनी दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वर अंग घेतलं. आम्ही खुणा करून ठेवल्या होत्या म्हणून कळलं.

आज पश्चिमेच्या मधल्या सऱ्याखाली बल्ल्या आणि दोन जॅक लावून तो उचलला. जॅकचा एकेक दात, मग थांबायचं, मग कान देऊन ऐकायचं. सांधे सुटायला लागले तसं दिसलं की कुठेही लोखंड नाही. सालीत, म्हणजे खाचेत, बसवलेलं कुसू, म्हणजे लाकडाची जीभ, आणि आडवी खुंटी. खुंटी बाभळीची. मिस्त्रींनी एक खुंटी काढून दाखवली : ती सरळ नव्हती, मधे किंचित वाकलेली. हस्ताचं भोक आणि कुसवाचं भोक मुद्दाम एक सूत पुढेमागे पाडलेलं असतं. खुंटी ठोकली की ती वाकते आणि कुसवाला आत ओढून धरते. दीडशे वर्षं नुसत्या त्या वाकण्यानं सांधा घट्ट राहिलाय.

प्रत्येक सांध्यावर पटाशीच्या खुणा आहेत. एक रेघ, दोन रेघा, दोन रेघांवर एक तिरपी. खांबावर जी खूण तीच त्याच्या हस्तावर. सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवून, खुणा करून, मग उभा केलेला. आम्ही सुटे भाग त्याच खुणांनी लिहून ठेवतोय, वेगळे नंबर टाकायची गरज पडली नाही.

आणि मोठी गोष्ट. भिंतीत गाडलेलं या सऱ्याचं टोक मोकळं झालं तेव्हा लाकडाच्या आडव्या कापावर एक गोल ठसा दिसला. घणानं मारलेला, आत अक्षरासारखं काही, वाचता येत नाही. डेपोत काम केलेले एक गृहस्थ गावात आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा मार्का हाय जंगलवाल्यायचा. आमीबी असाच मारत होतो, लाकूड पास केल्यावर." सरकारी जंगलखातं स्थापन झालं १८६४ मध्ये. १८१४ च्या सऱ्यावर खात्याचा मार्का असू शकत नाही. पटाशीच्या खुणांच्या ओळीत हा सरा आणि दारावरचा कोरलेला सरा एकाच मालिकेत आहेत, म्हणजे मागाहून घातलेलाही नाही.

तर शके १७९६. इसवी सन १८७४. वऱ्हाड इंग्रजांकडे आल्याला वीस वर्षं झालेली, नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ मध्ये पोचलेली, अमेरिकेतल्या यादवीत कापसाला आलेल्या भावाचा पैसा ज्यांनी राखला ते घरं बांधत होते. माझ्या मते हे कापसाचंच घर आहे.

आबांनी ऐकून घेतलं. थोड्या वेळानं म्हणाले, "म्हंजे साठ वर्सानं लहान झालं आमचं घर." मग काकूंना आत हाक मारून तेच पुन्हा सांगितलं.

२५ मार्च

धुळवड. काम बंद.

३ एप्रिल

फुगलेली भिंत पूर्ण उतरवली. वाड्याची मागची बाजू आता उघडी आहे. अंगणात उभं राहिलं तर ढेलजेच्या दारातून माजघर, बळदं आणि पलीकडचं पऱ्हाटीचं रिकामं वावर एका ओळीत दिसतं. गाव पाहायला येतंय. भिंत नसताना घर उभं कसं, यावर पारावर दोन तट पडलेत म्हणे.

मुलाला कोणीतरी व्हिडिओ पाठवला. त्याचा फोन आला, आवाज चढलेला. म्हटलं, मोबाइल आबांच्या हातात देते. आबा खांबाला पाठ टेकून बसले होते. "पाह्य, बसलो नं मी अथी?" एवढंच बोलून त्यांनी फोन परत दिला.

१२ एप्रिल

पाडवा झाल्यावर काम पुन्हा सुरू. खांबांची बुडं.

यावर मिस्त्री आणि मी दोन दिवस भांडलो. माझं म्हणणं, सगळ्या बुडांना नवं लाकूड सांधू. त्यांचं म्हणणं, फूटभराच्या आत कुजलं असेल तिथे लाकूड घालूच नका, तेवढा उंच दगड घाला. त्यांचंच ठरलं, आणि ते योग्य ठरलं. पाथरवटानं नऊ इंच आणि बारा इंच उंचीचे उथळे घडवले, वरच्या अंगाला जरासा उतार देऊन, म्हणजे पाणी थांबणार नाही. खांब कापला, खाली उंच दगड सरकवला, जॅक सोडला. जमिनीची ओल आता लाकडापर्यंत पोचायला दगड चढून यावी लागेल.

दोन खांब मात्र गुडघ्यापर्यंत गेलेले. तिथे सांधा. चांगला भाग लागेपर्यंत कापत गेलो. मग वरचा आणि खालचा तुकडा दोन फूट लांबीत अर्धा-अर्धा कापून एकमेकांवर बसवला, टोकांना तिरकी जीभ, मधे पाचर, आडव्या दोन बाभळीच्या खुंट्या. मिस्त्री रंधा मारत नाहीत, सांध्याची अंगं पटाशीनंच घासतात. काजळी लावलेला तुकडा बसवायचा, काढायचा, जिथे काळं उमटलं तेवढंच छिलायचं. सकाळी सुरू केलं ते दुपारच्या चहापर्यंत हेच. शेवटी पाचर मारली तेव्हा फटीत पोस्टकार्ड गेलं नाही. खांब जुना काळपट आणि बूड फिकं, हे तसंच दिसू देणार आहे. रंगवून जुनं करायचं नाही.

सगळ्या कापांना आणि भिंतीत जाणाऱ्या टोकांना बोरॅक्स-बोरिकचं द्रावण दोनदा, वाळल्यावर जवसाचं तेल. उधईसाठी जमिनीत विष ओतायचा सल्ला एकानं दिला. घरात धान्य असतं, विहीर अंगणात आहे. नाही.

२६ एप्रिल

मतदान. सुटी. मिस्त्री सकाळी पहिल्या रांगेत.

१४ मे

मातीकाम जोरात. पांढरी माती, गव्हांडा, शेण, पाणी, आणि पंधरवडाभर रोज तुडवणं. कुजलेल्या गव्हांड्याचा वास अंगणभर. नवी भिंत कच्च्या विटांची, दीड फूट जाडीची, खांबांपासून दोन इंच सुटी. भिंतीत गाडलेले खांब आता मोकळे आहेत, चारी बाजूंनी वारा लागतो. मधल्या फटीत वरच्या बाजूला पट्टी ठेवलीय, म्हणजे उंदीर जाणार नाहीत. कोबा फोडून शेणामातीची जमीन परत केली. बाहेरून चुन्याचा गिलावा, आतून सारवण आणि पोतारा. हे आतलं काम काकू आणि गल्लीतल्या बायांनी अंगावर घेतलं. आमच्या माणसानं हात लावलेला कोपरा त्यांनी पुसून पुन्हा केला.

धाबं नऊ इंच. किलच नवं. त्यावर पळसाची पानं, चिखल, मग माती, पाणी शिंपून धुमसानं ठोकलेली. उतार चाळीस फुटांना एक फूट. माजघरातलं साणं, म्हणजे धाब्यातलं उजेडाचं भोक, कोणीतरी बुजवलं होतं, ते उघडून वर काच बसवलेली चौकट केली. माजघरात दुपारी आता वाचता येतं.

दुपारी अडीचला तापमान : अंगणात ४४, ओसरीत ३७, माजघरात ३२. शेजारच्या घरकुलाच्या स्लॅबखाली ४०. तिथली म्हातारी दुपारची इकडेच येऊन पडते.

२२ जून

पहिला दमदार पाऊस, रात्रभर. सकाळी सातला पोचले. काकूंनी तीन ठिकाणी भांडी ठेवली होती. त्यातली दोन कोरडी, सवयीनं ठेवलेली. तिसरं देवघराच्या कोपऱ्यात, त्यात पेलाभर पाणी.

वर चढून पाहिलं. धाब्याची कातडी छान मिटलीय, पायाखाली चिकट आणि गुळगुळीत. गळती पन्हाळीची. जुन्या बेताल प्लास्टिकच्या नळ्या काढून पत्र्याच्या दोन फुटी पन्हाळी बसवल्या होत्या, त्यातल्या एकीच्या मुळाशी माती खचली. चुना-माती कोंबून बुजवली, वर सपाट दगड. पन्हाळीचं पाणी भिंतीपासून लांब पडतंय, एवढं झालं तरी पश्चिमेच्या भिंतीचा निम्मा त्रास संपला.

मुलाला फोटो पाठवले. उत्तर : "पत्रे कॅन्सल?" म्हटलं, ऑगस्टपर्यंत थांब.

१ सप्टेंबर

उद्या पोळा, कोठ्यात बैल धुतले जातायत, त्यामुळे आज फक्त मीटर घेऊन फिरले. पश्चिमेचे खांब : १३, १२, १५, आणि सांधलेल्या दोघांचे १४. पावसाळा असताना हे फार चांगले आकडे आहेत. नव्या भिंतीच्या खालच्या वीतभर पट्ट्यात ओल दिसते, तशी ती असणारच, आतल्या अंगानं वाळतेय. देवघराचा कोपरा जूनच्या त्या एका रात्रीनंतर कोरडा आहे.

शिल्लक कामं दोन. ढेलजेच्या दाराचा अडसर, त्याची भोकं भिंतीत आहेत पण दांडा हरवलाय. आणि संडास-बाथरूम. मी नकाशात ते कोठ्याच्या पलीकडे, घरापासून सुटं दाखवलंय, म्हणजे पाण्याचा एकही पाइप सांगाड्याजवळून जाणार नाही. आबांना चालतं. काकूंनी नकाशा पाहिला आणि विचारलं, "रातच्या पावसात इतकं अंगन तुडवत मी जाऊ का तुमी?" गुडघे दुखतात त्यांचे. सैपाकघराच्या उत्तरेला चार फुटांची बोळ आहे, तिथे स्वतःच्या भिंतींवर उभी राहणारी एक खोली बसते का ते पुन्हा काढून पाहते. मधे निदान फूटभर फट सुटली पाहिजे, आणि दार ओसरीतून.